सहा सेंटीमीटरची फट

तर झालं असं, की जिना आला, क्रेनने उचलला, जागेवर टेकवला आणि भिंतीपर्यंत पोचलाच नाही! अख्खा लोखंडी जिना, तीन मजल्यांचा, आणि भिंतीच्या नि पायरीच्या मधे सहा सेंटीमीटरची फट. जिने बनवणारी कारखानावाली, जिच्या आवाजाला तिची स्वतःची मशिनं घाबरतात, तिने फोटो पाठवला आणि खाली एकच शब्द: "अभिनंदन."

दादाने तो फोटो ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर लावला, सगळ्यांसमोर, आणि टाचणीला हाक मारली.

टाचणी म्हणजे दादाची चुलत बहीण. काटकुळी आणि टोचून बोलणारी, म्हणून टाचणी. हे नावही दादानेच लहानपणी ठेवलेलं. आर्किटेक्टचं ऑफिस दादाचं, त्यामुळे घरी दादा आणि इथे सर. गेली दोन वर्षं टाचणीचं काम काय, तर ऑफिसच्या प्रोग्राममधले नकाशे बाहेरच्यांच्या प्रोग्राममध्ये धडपणे पोचवायचे, म्हणजे एक्सपोर्ट करायचे. ऐकायला सोपं वाटतं ना? अजिबात नाही हो! इकडची भिंत तिकडे नुसती रेघ होते, अक्षरांचे चौकोन होतात, मिलिमीटरचे इंच झाले की बंगल्याचं स्टेडियम होतं. हे सगळं ती निस्तरायची, एकटी.

"तुझ्या एक्सपोर्टने माझी अब्रू गेली," दादा म्हणाला. "आपल्या नकाशाच्या शीटवर चोवीसशे मिलिमीटर आहे. गवंड्याने चोवीसशे बांधलं. कारखान्यात पोचलं तेवीसशे चाळीस. मधे कोण होतं? तू."

आणि त्याने एक कागद पुढे सरकवला. टाइप करून तयार! 'फाइल बदलताना माझ्या निष्काळजीपणामुळे माप चुकलं.' खाली सहीला जागा. ज्यांची इमारत ते चार वाजता येणार होते, त्यांच्या हातात हे ठेवायचं. आणि या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. असा कागद एकदा फिरला की टाचणीला कोण दारात उभं करणार?

"फाइल बघू दे," ती म्हणाली.

"त्यात बघायचं काय? सही कर."

"सर, बघितल्याशिवाय मी कुरियरच्या पावतीवरही सही करत नाही."

तिने मूळ फाइल उघडली, जिन्याच्या मापावर क्लिक केलं. बाजूला पट्टी उघडली. मोजलेली लांबी: २३४०. त्याच्या खाली, हाताने लिहिलेलं: २४००.

आता हे नीट ऐका. प्रोग्राम रेषेची लांबी स्वतः मोजतो आणि आकडा लिहितो. पण त्या आकड्यावर तुम्ही हाताने दुसरा आकडा टाइप करू शकता. रेष जागची हलत नाही! वजनकाट्यावर चिठ्ठी चिकटवून वजन कमी केल्यासारखंच ते. गवंडी आकडा वाचतो, कारखान्याचं मशीन रेष कापतं. मधे फट.

"हे तुम्ही लिहिलंय, सर. ऐन वेळी जागा रुंद करायची ठरली, रेष हलवली असती तर अकरा शीटं परत काढावी लागली असती. माझ्याच खुर्चीत बसून लिहिलंत. 'रेष कोण बघतंय' म्हणालात."

सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये असे घुसले, जणू आत काही हरवलंय.

"बरं," दादा शांतपणे म्हणाला, आणि तो शांत झाला की जास्त घाण वागतो. "मग पाठवताना तुला दिसलं नाही?"

आता खरं सांगायचं तर, दिसलं होतं! एक्सपोर्टच्या आधी साफसफाईसाठी तिने स्वतःच एक पायरी घातली होती, टाइप केलेले आकडे पुसून खरी लांबी आणायची. स्क्रीनवर चौकट आली होती: '४१ मापं मूळ लांबीवर आणली.' तिने ओके दाबलं आणि जेवायला गेली. दादाला सांगायचं, एका वाक्याचं काम होतं. पण आदल्याच आठवड्यात दादाने पाहुण्यांना तिची ओळख करून दिली होती, "हे आमचं एक्सपोर्टचं बटण." बटणाने कशाला बोलायचं, म्हणून ती बोलली नाही.

तेवढ्यात फोन. दादाने स्पीकर लावला. "काय ठरलं?" कारखानावाली. "कुणाला फासावर देताय?"

"चूक सापडली मॅडम. आमच्या इथल्या एका मुलीकडून..."

टाचणी फोनवर वाकली. "बाई, एक माप नाही. एक्केचाळीस आहेत."

पलीकडे मशीन बंद झाल्याचा आवाज आला. "माझे बाल्कनीचे कठडे आहेत त्यात?"

"नऊ."

"अगं, उद्या सकाळी कापायला घेतेय मी ते!"

"थांबवा. यादी पाठवते."

दादाने फोन कापला. "यादी गेली तर उद्यापासून इथे यायचं नाही. आणि काकांना मी सांगणार, तुमच्या पोरीने काय केलं ते."

"बाबांना मीच सांगते. ओके दाबलं, तेही सांगते."

तिने तो टाइप केलेला कागद उलटा केला आणि मागे पेनाने लिहिलं: 'मापं बदलल्याची चौकट मी पाहिली आणि कुणाला सांगितलं नाही. एवढी चूक माझी. खोटे आकडे माझे नाहीत.' सही केली. फोटो काढला, यादी जोडली. कारखानावालीला, इमारतीवाल्यांना, आणि दादालाही पाठवून टाकलं. चारला दहा कमी.

"विषारी आहेस तू," दादा म्हणाला.

"लहानपणीच ओळखलं होतंस की."

खाली गाडीची दारं आपटली. जिन्यात बुटांचे आवाज. दादाने यादी उघडली, वरखाली केली, परत वर नेली. त्याच्या लक्षात आलं, कुठल्या शीटवर कुठला आकडा खोटा आहे हे त्याला स्वतःला आठवतच नाही. इतक्या वर्षांचं ते टाइप करणं!

"हे एक्केचाळीस... निदान दाखवून तरी जा ना," तो हळूच म्हणाला.

टाचणीने पिशवी खांद्याला लावली, खुर्ची आत सरकवली.

"बटण दाब," ती म्हणाली, आणि दारात आलेल्या माणसांना वाट देऊन बाहेर पडली.