किनारा दिसतो तिथून

पडदेवाल्या बाईंना पाण्याची भीती लहानपणापासूनची. बाजारात त्यांचं पडदे शिवायचं छोटं दुकान होतं. चुण्या घालण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण घोट्याच्या वर पाणी आलं की त्यांच्या छातीत धडधडायचं. अशा बाई पन्नाशी उलटल्यावर पोहायला शिकू लागल्या, तेव्हा शेजारच्या दुकानदारांनी तोंडात बोटं घातली.

कारण होता मुलगा. तो मालवाहू जहाजावर वायरमन होता. वडिलांचाच धंदा त्याने समुद्रावर नेला होता. जहाज एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं आणि मालकाने हात वर केले होते. पगार बंद, डिझेल संपत आलेलं, आणि कागदपत्रांच्या घोळामुळे खलाशांना किनाऱ्यावर उतरायला मनाई. दुपारी थोडा वेळ जनरेटर चालायचा, तेवढ्यात मुलगा फोन करायचा. बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. सगळीकडे माणसं गोड बोलत आणि पुढच्या खोलीकडे बोट दाखवत. आभाळच फाटलं होतं, तिथे ठिगळ कुठे कुठे लावणार?

एकदा मुलगा बोलता बोलता म्हणाला, "किनारा दिसतो गं इथून. माणसं कुत्री घेऊन फिरायला येतात. दुर्बिणीतून कुत्र्यांचे रंगसुद्धा कळतात."

"मग पोहत गेलास तर?"

"मला कुठे येतंय, आई? लाइफ जॅकेट घालून तरंगायला शिकवलं, तेवढंच."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी बाई पोहण्याच्या तलावावर गेल्या आणि नाव घालून आल्या.

नवऱ्याने कपाळाला हात लावला. "तू पोहायला शिकलीस म्हणून तो कसा सुटणार?"

"नाही सुटणार. पण मग मी काय करू, ते तुम्ही सांगा."

भिंतीवरचं बटण उगाच दोनदा दाबून नवरा बाहेर गेला.

सुरुवातीला बाईंच्या नाकातोंडात पाणी गेलं, ते अगदी खरोखरचं. त्या कठड्याला घोरपडीसारख्या चिकटून असायच्या. शिकवणारी मुलगी त्यांच्या मुलापेक्षाही लहान होती. ती सांगायची, "काकू, मान वर धरली की पाय बुडणारच. खाली बघा, तळाकडे. आणि श्वास पाण्यात सोडून द्या, धरून ठेवू नका." ऐकायला सोपं होतं. महिनाभर बाई श्वास धरूनच ठेवायच्या आणि लालबुंद होऊन वर यायच्या.

पण खाडा केला नाही. ताप असला तर काठावर बसून पाय मारायच्या. एके दिवशी तरंगायची फळी हातातून सुटली आणि बुडायच्या आधी चार हात मारून झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं. मग तलावाची अर्धी लांबी झाली, मग पूर्ण. तोंड कुशीला वळवून श्वास घ्यायचा, हे शिलाई मशीनच्या पायट्यासारखं आपोआप होऊ लागलं. दंड भरले, दम वाढला. तिकडे मुलाचा आवाज मात्र बारीक होत चालला होता. पावसाचं पाणी साठवतो, म्हणायचा. मासे धरतो, म्हणायचा. मग हवापाण्याचं विचारायचा.

किनारा किती लांब आहे, हे बाईंनी त्याला सहज म्हणून विचारून घेतलं होतं. दीड किलोमीटर असेल, तो म्हणाला होता. एका रविवारी त्या न थांबता तेवढं पोहल्या. बाहेर आल्या तेव्हा शिकवणारी मुलगी टाळ्या वाजवत होती. कधी एकदा दुपार होते आणि फोन येतो असं बाईंना झालं.

फोनवर मुलाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "छान केलंस. आमच्या आचाऱ्याने परवा उडी टाकली, आई."

"अगं बाई. मग?"

"पट्टीचा पोहणारा आहे तो. पोहोचला. तिकडे पोलीस उभेच होते. त्यांनी कोरडे कपडे दिले, चहा पाजला आणि बोटीत बसवून परत आणून सोडला."

"परत?"

"हो. आत्ता डाळ शिजवतोय."

शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याने फोन घेतला, जेवलास का विचारलं, आणि तेवढ्यात लाइन गेली.

त्यानंतर आठवडाभर बाई तलावाकडे फिरकल्या नाहीत. शेवटी शिकवणारी मुलगी पडद्याचं कापड बघायच्या निमित्ताने दुकानात आली. कापडाकडे तिचं लक्ष नव्हतं. "काकू, असा खंड पडला की कमावलेला दम जातो. पहिल्यापासून सुरू करावं लागेल." या दमाचं आता करायचं काय, हे बाईंना कळत नव्हतं. पण सकाळी घरात बसून काय करायचं, तेही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

जहाज अजून तिथेच आहे. प्रकरण आता आणखी वरच्या कचेरीत गेलं आहे, असं सांगतात. बाई रोज पोहतात. आता उताणं पोहायलाही त्या शिकल्या आहेत आणि नव्याने आलेल्या बायका त्यांचे हात बघत काठावर थांबतात. मधेच कधी त्यांच्या पोहायच्या चष्म्यात पाणी साठतं.

"काकू, चष्मा गळतोय," मुलगी काठावरून सांगते. "पट्टा आवळा."

बाई उभ्या राहतात आणि आधीच घट्ट असलेला पट्टा आवळतात.