जीवनच्या नावाची चढाई

पनवेलच्या कोळीवाड्यात गंगाबाईच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. मासळी बाजारात कुणी भाव पाडून मागितला की ती असं काही सुनावायची, की गिऱ्हाईक पिशवी सावरत थेट एसटी स्टँडकडे सुटायचं. पण गेल्या पावसाळ्यात तिचा थोरला, जीवन, काविळीनं गेला आणि बाईचा आवाजच बसला. समोरचा देईल ते घ्यायची आणि गप्प राहायची.

जीवन कबड्डी काय खेळायचा म्हणून सांगू! चढाईला निघाला की समोरचे सगळे गडी आपसूक मागं सरकायचे. तो गेल्यावर त्याच्या कबड्डी मंडळाच्या पोरांनी त्याच्या नावानं स्मृतिचषक ठेवला. आपल्याकडे हे असंच. माणूस गेला की त्याच्या नावाचा चषक, मंडपात हार घातलेला फोटो, आणि फोटोखाली खुर्चीत नेऊन बसवलेला बाप. जीवनचा बाप काळूराम, पोरगा गेल्यापासून होडीकडे फिरकला नव्हता. स्पर्धेचं नाव निघालं आणि गडी उठला, दाढी करून आला. गंगाबाईला तेवढंही पुष्कळ झालं.

आणि धाकट्या शिवाच्या अंगात मंडळानं जीवनचीच जर्सी चढवली. शिवा दहावीतला, खांद्यानं अजून कच्चा. जर्सी पार मांडीपर्यंत यायची. त्याला कुणी विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात? भावाची जागा भावानं घ्यायची, झालं!

पोरगा खेळला मात्र झकास. संघ अंतिम सामन्यात पोचला. शेवटचं मिनिट, एका गुणाची पिछाडी, आणि शिवा चढाईला गेला. एकाला शिवला, पाय सोडवून घेतला, मधली रेषा अगदी हातभर राहिली. मैदानभर एकच नाव, "जीवन! जीवन!" काळूराम खुर्चीवरून उठून तेच ओरडत होता. आणि बायकांच्या घोळक्यातून गंगाबाईचा बसलेला आवाज एकाएकी फुटला. "जीवन, ये रं बाला, ये!"

शिवा थबकला. त्याचा दम तुटला, मान मागं वळली, आणि तेवढ्यात तिघांनी त्याला लोळवला. सामना गेला.

लोकांचं काय, बोलायला मोकळे. थोरला असता तर चषक गावातच राहिला असता, असं म्हणत घरोघर पांगले.

दुसऱ्या दिवशी गंगाबाई दारात कोलंबी सोलत बसली होती. शिवानं जर्सीची घडी तिच्यापुढे ठेवली.

"आये, मी नाय खेलनार आता. कदीच नाय."

"एक सामना हरला म्हनून? तुजा बाबा आत्ताशी कुटं उटाय लागलाय. तू सोडलंस तर तो परत पडंल. त्याचा तरी इचार कर."

"त्याच्यासाटीच तर एवडे दिस खेललो."

"मंग काल काय झालं तुला? मागं काय बगत होतास?"

शिवा नखानं जमिनीवर रेघोट्या ओढत राहिला. मग हळूच म्हणाला, "सगले दादाचं नाव घेऊन वरडायचे, त्याची सवय झालेली. पन काल तू हाक मारलीस. तू कशी मारायचीस दादाला, तशीच. मना वाटलं, तो आला खरंच. म्हनून मी वलून बगितलं."

गंगाबाईच्या हातातली कोलंबी तशीच राहिली. जीवन गेल्यापासून ती थोरल्यासाठीच रडत होती. आज पहिल्यांदा धाकट्यासाठी रडली. जित्या पोराचं नावच आपण आपल्या तोंडानं पुसून टाकायला निघालो होतो, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं त्याला ओढून जवळ घेतलं.

"नको खेलू. मी बगते बाबाला. त्या मंडलवाल्यांना पन बगते."

मंडळाची पोरं समजूत घालायला आली, तेव्हा तिनं जर्सी त्यांच्या हातात कोंबली. "शिवा नाय खेलनार. परत कोन इचारायला आला तर सुरमईसारका कापीन!" तोच जुना आवाज! पोरं आल्या पावली पळाली.

काळूराम मात्र तिच्याशी बोलेना. "माज्या पोराचं नाव बुडवलंस," एवढंच म्हणाला आणि ताटावरून उठला. गंगाबाईनं त्याचं ताट झाकून ठेवलं.

पुढच्या रविवारी शिरढोणला सामने होते. काळूराम धुतला सदरा घालून एकटाच एसटीनं गेला आणि दिवस मावळायच्या आत परत आला. येऊन ओट्यावर बसला.

"एवड्यात आलात?"

"थांबून काय करू?" तो म्हणाला. "कोनाला हाक मारू तिथं?"

आणि बाप्या ढसाढसा रडला. पोराला पोचवून आला त्या दिवशीही तो असा रडला नव्हता. गंगाबाईनं त्याला पोटभर रडू दिलं. मग म्हणाली, "घरात एक हाय ना. त्याला मारा."

आत शिवा पुस्तक घेऊन बसला होता. काळूरामनं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, तोंड उघडलं. "जी..." तिथंच थांबला. गंगाबाई त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

"शिवा."

पोरगा धावतच बाहेर आला. "काय बाबा?"

काम काहीच नव्हतं. काळूरामनं त्याला हाताला धरून शेजारी बसवलं, खांदा चाचपला. खांदा बारीक होता, जीवनसारखा नव्हता. त्यानं हात तिथंच ठेवला.

"काय नाय रं," तो म्हणाला. "बस जरा हितं."