मोहाखालचा मिठाचा पहाड

खरं सांगायची मला सवय नाही, तरी सांगतो: सावित्रीबाईचं झाड माझ्याच जिभेपायी जाणार होतं.

२००७च्या फागुनात सालेकश्याच्या चहाटपरीवर खडक तपासणारा एक साहेब भेटला. म्हणाला, आटलेल्या समुद्राचं मीठ जमिनीत गाडलं जातं, वरच्या खडकाच्या वजनानं कणकेसारखं सरकतं आणि पहाड होऊन वर घुसतं. त्यातून सोडा निघतो, त्यावर काच-साबणाचे कारखाने चालतात. मिठातल्या पोकळ्यांत गॅससुद्धा भरून ठेवतात. "तुमच्या भागात मात्र तसलं काही नाही, बाबा," हेही म्हणाला. तेवढं मी गावात सांगितलं नाही.

त्यात कन्हैयालालच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली, सारी गुरं माती चाटत उभी! मी म्हटलं, "खाली मिठाचा पहाड आहे. ढोरायले समजलं, तुमाले नाही!"

दुसऱ्याच दिवशी कन्हैयालाल जेसीबी घेऊन हजर. सावित्रीबाई झाडाला पाठ लावून उभी. धुरा त्याचा, पण फुलं वेचायची ती, तिच्याआधी तिची सासू. वर्षाचं तेल-लुगडं त्या फुलांवरच निघायचं.

"काऊन पाडून राहिला रे झाड?"

"खदान होऊन राहिली, काकी. तुले पोतंभर मीठ फुकट!"

"मिठाले फुलं लागतेत का?"

मी घाईनं खरं बोलून टाकलं. "अरे, मोह वेचायच्या आधी जागा साफ कराले हे बाई खालचा पाला जाळते. ढोरं राख चाटून राहिले. राख खारी रायते!"

"बकाराम बुढा आज पहिल्यांदा खोटं बोलून राहिला," कन्हैयालाल म्हणाला. ड्रायव्हरही हसला.

मग मी माझ्या नेहमीच्या वाटेला लागलो. "खोद बाप्पा. पण साहेब म्हणे, खालचं मीठ काढलं का वरची जमीन बसते. पहाडाची एक सोंड तुह्या स्लॅबच्या घराखाली गेली आहे. तुह्या बायकोचा, दुर्गेश्वरीचा फ्रिज तेवढा पहिले बाहेर काढ."

त्यानं घराकडे पाहिलं. "बैठकीखाली का सयपाकखोलीखाली?"

"सयपाकखोलीखाली. वरण खारट काऊन होते मंग?"

आदल्या दिवशीचं वरण त्याला आठवलं असावं. जेसीबी माघारी गेली आणि गुरांनी मीठ चाटून घर खचवू नये म्हणून संध्याकाळच्या आत त्यानं झाडाभोवती काट्यांचं कुंपण घातलं. फक्त सावित्रीबाईपुरती वाट ठेवली.

चैतात ती टोपलं भरून घरी निघाली होती. माझ्यापाशी थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "भाऊजी, माह्या घराखाली तं नाही ना जी थे सोंड?"

मी तोंड उघडलं.

"राहू द्या," ती म्हणाली, "सांगूच नोका."