कोरा राहिलेला फळा

मी एक जुना पांढरा फळा आहे. कारखान्यात पत्र्यावर चकचकीत लेप चढवून, कडांना पट्ट्या ठोकून मला घडवलं आणि एका संगणक कंपनीच्या बैठकीच्या खोलीत टांगलं. ही कंपनी दुसऱ्यांची संगणकाची कामं सांभाळायची. माझ्यासमोर बसणारी मंडळी शहरातल्या रुग्णवाहिकांचं काम बघत. मदतीसाठी फोन आला, की पत्ता शोधून जवळची गाडी तिकडे पाठवायची, हे त्यांच्या संगणकाचं काम.

मित्रांनो, सुरुवातीचे दिवस फार सुखाचे होते. तेव्हाच्या प्रमुख बाईंचा एक शिरस्ता होता. दर सोमवारी प्रत्येकानं आपण कुठे अडलो, ते माझ्यावर लिहायचं. सगळ्यांत आधी बाईच लिहीत, "मला हे कळलेलं नाही." मग कोणी त्यांच्या हातून मार्कर घेई, कोणी त्याची चूक काढी, हसणंखिदळणं चाले. संध्याकाळपर्यंत माझ्या अंगावर बोटभर जागा उरत नसे. एकाला आलेलं सगळ्यांना येई.

बाई निवृत्त झाल्या आणि नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण घायकुता होता. त्यांनी माझ्या शेजारी एक मोठा पडदा लावला. कोणी किती तक्रारी मिटवल्या, ते त्यावर दिवसभर झळके. ज्याचं नाव वर, त्याला बढती. सोमवारची बैठक बंद पडली. आता कोणी माझ्यावर चार ओळी लिहिल्याच, तर जाताना पुसून टाकी. आधी मला वाटलं, चला, टापटीप आली! पण दाराकडे बघत बघत घाईनं पुसणारे ते हात पाहिले आणि मला भीती वाटू लागली.

तिथे सर्वांत जुने होते काका. सगळे त्यांना काकाच म्हणत. शहरात एकाच नावाच्या गल्ल्या बऱ्याच होत्या. नवी वस्ती उठली, की संगणकाचा गोंधळ उडे. काका अधूनमधून गुपचूप काहीतरी दुरुस्त करीत आणि गाड्या पुन्हा नीट जात. काय करीत, ते त्यांच्या डोक्यात.

नव्यानं लागलेल्या एका मुलीनं एकदा विचारलं, "काका, हे एकदा फळ्यावर समजावून सांगा ना."

"तुला सगळं शिकवून मी काय माशा मारत बसू?" काका हसत म्हणाले. पण बोलताना त्यांची नजर पडद्यावरच्या आपल्या नावाकडे गेली.

पुढे काकांना बरं वाटेना. त्यांनी रजा टाकली. थोड्याच दिवसांत एक गाडी भलत्याच गल्लीत गेली. "असेल काही किरकोळ," साहेब म्हणाले. मग दुसरी चुकली. सगळे माझ्यासमोर जमले. मुलीनं मार्कर उचलला, पण लिहिणार काय? कोणालाच काही ठाऊक नव्हतं.

"काकांना फोन लाव," साहेब म्हणाले.

फोन काकूंनी उचलला. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू आला. "अगं, हे एकाएकी कोसळलेत! तोंड वाकडं झालंय. मघाशीच गाडी मागवली, अजून कशी येत नाही?"

मुलीनं संगणकात पाहिलं. काकांसाठी निघालेली गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्याच नावाच्या गल्लीत उभी होती. मग तिनं दुसऱ्या गाडीच्या चालकाला फोन लावला आणि काकूंना विचारून विचारून एकेक वळण सांगत त्याला दारापर्यंत नेलं.

काका वाचले, पण त्यांची वाचा गेली. हातही हलेना. मुलगी त्यांना भेटून आली आणि शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला म्हणाली, "सगळं आठवतंय गं त्यांना. विचारलं, की डोळ्यांतून नुसतं पाणी येतं."

त्यानंतर ती एकटी त्या कामाच्या मागे लागली. धडपडत, चुकत तिला ते उमगलं. गाड्या ताळ्यावर आल्या. साहेब फुलं घेऊन आले. "शाबास! आता तुझ्यावाचून आमचं पान हलायचं नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तीच मैत्रीण मार्कर पुढे करत म्हणाली, "आम्हालाही दाखव ना, कसं केलंस ते."

मुलीचं नाव पडद्यावर सर्वांत वर होतं. तिनं एकदा तिकडे पाहिलं. "सांगेन गं, सवड मिळाली की," ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्यावाचून पान हलत नाही, असं कोणी म्हणालं, तर हुरळून जाऊ नका. घाबरा. त्याच दिवशी कोणाला तरी जवळ बोलवा आणि आपल्याला येतं ते सगळं शिकवा. जे येत नाही, ते विचारायला लाजू नका.

मी अजून कोराच आहे. आज ती मुलगी कामावर आलेली नाही. खाली रस्त्यावरून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येतो आहे. ती गाडी योग्य गल्लीत चालली आहे का, हे या खोलीत कोणीच सांगू शकत नाही.