सुरमईने धरलेली तागाची बाही

मित्रांनो, बुरोंडीच्या वर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एक आंब्याची बाग आहे. तिथल्या खोपीत दारामागच्या खुंटीला हाताच्या आकाराची एक फाटकी, फुगीर वस्तू टांगलेली दिसते. ती मी. तागाची जुनी बाही. पण शर्टाला असते तसली बाही समजू नका. मला माणसाच्या डाव्या हातावर कोपराच्या वरपर्यंत चढवतात, आणि मग एक कुत्रा लांबून धावत येऊन मला चावतो. दचकू नका. तेच माझं काम होतं आणि सहा वर्षं मी ते मोठ्या आनंदानं केलं.

माझा जन्म हर्णेचा. इशरतचाचींच्या ओट्यावर काजूच्या रिकाम्या गोणी पडल्या होत्या, त्यातून त्यांनी मला शिवलं. आत उभा चिरलेला प्लास्टिकचा पाइप, त्याच्याभोवती काथ्या, त्यावर घोंगडीचा तुकडा आणि वरून गोणपाटाचे तीन थर. दाभण आणि सुतळी घेऊन त्या चार दिवस बसल्या होत्या. दोनदा बोटात दाभण घुसलं, तेव्हा त्यांनी मला नव्हे, आपल्या नवऱ्याला बोल लावला.

"अठरा वर्षं मस्कतला राहिलात. लोक सोनं आणतात, फ्रिज आणतात. तुम्ही काय आणलंत, तर कुत्र्याला चावायला बाही शिवायचं खूळ!"

अयूबचाचा नुसते हसले. ते मस्कतला एका क्लबात कामाला होते. तिथं कुत्र्यांचा एक खेळ चाले. वासावरून माग काढायचा, मालकाचं ऐकायचं, आणि शेवटी खोट्या चोराची बाही पकडून धरायची. मालकाने सांगितलं की त्याच क्षणी सोडायची. अयूबचाचा तिथं चोर व्हायचे. "अठरा वर्षं चोराचं काम इमानदारीनं केलं," असं ते सगळ्यांना सांगत.

पण हर्ण्यात त्यांना कुत्राच मिळेना. कोण आपला कुत्रा असल्या खेळाला देणार? दोन वर्षं मी माळ्यावर पडून होते. माझ्यात चाचींनी कांदे भरून ठेवले. मला फार वाईट वाटायचं. रात्रंदिवस कांद्याच्या वासात राहून काजूचा माझा मूळ वासही मी विसरले.

मग एका दुपारी मृणाली आली, दोरीला धरलेली एक कुत्री घेऊन.

मृणाली म्हणजे बुरोंडीच्या आप्पांची सून. तिचा नवरा निलेश मुंबईला नोकरीला. बागेला राखण हवी म्हणून त्याने जर्मन शेफर्डचं एक पिल्लू आणून दिलं आणि तो परत गेला. पिल्लाचा रंग सुरमई माशाच्या पाठीसारखा होता, म्हणून नाव पडलं सुरमई. आप्पांनी तिला तिसऱ्या महिन्यातच फणसाखाली साखळीनं बांधलं. राखणीची कुत्री बांधलेलीच असायची, असं त्यांचं मत. ती दिवसभर भुंकायची. आठ महिन्यांची असताना एकदा ती झोपली होती आणि बागेतला गडी बाबल्या तिच्या मागून बादली उचलायला वाकला. सुरमई दचकून उठली आणि तिने त्याचा हात पकडला. चार टाके पडले. दापोलीला जाऊन सुया घ्याव्या लागल्या. तिला रोज भात घालणारा तोच होता.

"आप्पा म्हणतात, आंबा उतरेपर्यंत बघतो. नाही सुधारली तर पोल्ट्रीवाल्याला देऊन टाकतो. तो कुत्री पिंजऱ्यात ठेवतो, चाचा," मृणाली म्हणाली.

"बाय, लोकांना चावणारी कुत्री हवी असते. तू उलटंच मागतेस."

"तुम्हाला जमेल का?"

"ते तिला विचारू या."

त्यांनी एक पत्र्याचं ताट घेतलं आणि सुरमईच्या मागे फरशीवर टाकलं. केवढा आवाज झाला! सुरमई ओट्याच्या टोकापर्यंत पळाली. मग थांबली. मान खाली घालून हळूहळू परत आली आणि ताट हुंगायला लागली.

"बघितलंस? घाबरली, पण बघायला परत आली," चाचा म्हणाले. "जी परत येत नाही, तिला मी ह्या खेळात घेत नाही. बिचारीवर जुलूम होतो. हिला चालेल. पण बाहीला हात लावायचा नाही अजून. चार महिने तरी नाही."

चार महिने! कांदे काढून चाचींनी मला उन्हात टाकलं होतं आणि मी नटून बसले होते. तरीही चाचांनी मला बुरोंडीच्या बागेत नेऊन खोपीतल्या खुंटीला टांगलं, आणि तिथूनच मला बघत राहावं लागलं. सुरुवात कशानं झाली, सांगू? काहीच न करण्यानं. चाचांनी मृणालीला सांगितलं, रोज सकाळी साखळी सोडायची, लांब दोरी लावायची आणि सड्यावर नुसतं हिंडायचं. सुरमईने आपणहून वळून बघितलं की सुकटीचा तुकडा द्यायचा. मग नावाला प्रतिसाद. मग बसणं. मग पायाला लागून चालणं. संध्याकाळी हर्ण्याच्या बंदरावर, माशांच्या लिलावाच्या गोंगाटातून तिला हळूच फिरवून आणायचं. पहिल्या दिवशी ती मृणालीच्या पायांत शिरली. महिन्याभराने टोपल्या आपटल्या तरी तिचा कान हलेना. दोरीला बांधलेल्या चेंडूशी खेळ तेवढा भरपूर. खेळात तिला नेहमी जिंकू द्यायचं.

आणि एका सकाळी अयूबचाचांनी मला खुंटीवरून काढलं.

मित्रांनो, तो दिवस मी कधी विसरणार नाही. चाचांनी मला हातावर चढवलं आणि ते पळू लागले, मी त्यांच्या बाजूला झुलत होते. मागून सुरमईची नखं जांभ्यावर खडखडली आणि तिने मला घट्ट, खोल, पूर्ण तोंडाने धरलं. तिच्या अंगात जराही राग नव्हता. शेपूट आनंदाने फिरत होतं. चाचांनी हात सैल केला, मी निसटले आणि ती मला तोंडात धरून गोल गोल धावली. त्या वेळी मला वाटलं, यासाठीच चाचींनी बोटं टोचून घेतली.

पण खरी अडचण तिथूनच सुरू झाली. ती मला सोडेना.

"सोड! सोड, सोड म्हणते ना!" मृणाली ओरडायची, ओढायची. ती ओढायला लागली की सुरमई आणखी आवळायची. माझी शिवण उसवली. मृणाली रडकुंडीला आली.

"तू ओढतेस, तिला वाटतं खेळ चालू आहे," चाचा म्हणाले. "ओढू नको. ओरडू नको. बाही पोटाशी धर आणि दगडासारखी उभी राहा. खेळ मेला की ती कंटाळून सोडेल. सोडल्या सोडल्या तिला परत दे."

"परत द्यायची? मग सोडवायची कशाला?"

"सोडलं तर जातं, असं तिला वाटतं, म्हणून ती धरून बसते. सोडलं की परत मिळतं, हे एकदा कळू दे."

मृणाली उभी राहिली. सात मिनिटं. मी मोजली नाहीत, चाचांबरोबर आलेल्या चाचींनी खोपीतल्या चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत मोजली. शेवटी सुरमईने जबडा उघडला. "शाब्बास!" म्हणत मृणालीने मला लगेच तिच्यापुढे धरलं. दुसऱ्यांदा दोन मिनिटं लागली. पंधरा दिवसांनी मृणालीने हळू आवाजात एकदा "सोड" म्हटलं, की मी मोकळी व्हायचे. आणि सुरमईच्या ओलसर दातांतून सुटताना मला पकडलं जाण्याइतकंच बरं वाटायला लागलं.

फेब्रुवारीत चाचांचा खांदा धरला. हात वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने काही उचलायचं नाही. आता चोर कोण होणार? आप्पांनी दिलेली मुदत तर जवळ येत होती.

तेव्हा बाबल्या पुढे आला. चाळिशीचा माणूस, हातावर टाक्यांचा व्रण.

"वयनी, मी घालतू ती बाही."

मृणालीने त्या व्रणाकडे बघितलं. "तुम्ही? तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते. लय वाटते. पन ती मना बघून मान खाली घालते, ता मना बघवत नाय. चावली ती झोपेत. माजी पन चूक व्हती."

पहिल्या दिवशी मी त्याच्या हातावर चढले तेव्हा आतून त्याचा हात आखडलेला होता. तो घामाने ओला झाला होता. अयूबचाचा खोपीच्या ओट्यावर बसून म्हणाले, "आज चावा नाही. नुसतं फिर. तिच्याकडे बघू नको." तीन दिवस बाबल्या मला घालून बागेत नुसता फिरला. चौथ्या दिवशी सुरमईने जवळ येऊन त्याचा गुडघा हुंगला. पाचव्या दिवशी त्याने तिला सुकट दिली. दहाव्या दिवशी तिने मला पहिल्यांदा त्याच्या हातावर धरलं आणि मृणालीच्या एका शब्दावर सोडलं. मग बाबल्याने मला काढून जमिनीवर ठेवलं आणि त्याच हाताने तिचं डोकं खाजवलं.

मे महिन्यात, शेवटच्या पेट्या रवाना झाल्या त्या संध्याकाळी आप्पा काठी टेकत सड्यावर आले. "दाखव तुझी सर्कस," ते म्हणाले.

बाबल्या पळाला, सुरमई सुटली, मी पकडली गेले. सगळं नीट चाललं होतं. मागे सरताना बाबल्याचा पाय कातळातल्या खळग्यात गेला आणि तो उताणा पडला. मला हाताला बांधणारा पट्टा तुटला. मी त्याच्या हातावरून निसटून सुरमईच्या तोंडात राहिले. ती त्याच्या छातीशी उभी होती. बाबल्याने घाबरून उघडा हात तोंडावर घेतला. हलणारा हात, अगदी तिच्या नाकासमोर. तिचा जबडा माझ्यावर किंचित सैल झाला, ते मला कळलं. आता ती मला टाकणार. मग?

मृणाली वीस पावलं लांब होती. चाचा ओट्यावरून उठले, पण त्यांना धावता येत नव्हतं. आप्पांनी काठी उचलली. मृणालीने एक हात आप्पांच्या दिशेने आडवा केला. त्यांनी थांबावं म्हणून. "सोड" म्हणावं, तर तोंड मोकळं होईल. ओरडावं, तर कुत्री आणखी तापेल. मी बघितलं, तिने एक श्वास घेतला आणि रोज सकाळी सड्यावर हिंडताना बोलायची, त्याच आवाजात म्हणाली, "सुरमई, ये."

सुरमईने मान वळवली. माझ्यावरची पकड पुन्हा घट्ट केली आणि मला घेऊन ऐटीत चालत मृणालीपुढे येऊन बसली. मग मृणालीने "सोड" म्हटलं आणि मी तिच्या ओंजळीत पडले. तिचे हात बर्फासारखे गार होते.

आप्पांनी काठी खाली टेकली. मग आप्पा म्हणाले, "बाबल्या, लागलं काय रे?"

"पाठीला खडा लागला आप्पा. दात नाय लागला."

"मग सूनबाई, आधी त्याला चहा द्या." दोन पावलं जाऊन ते परत वळले. "आणि हिलाही काहीतरी द्या. उद्यापासून हिला बांधायची नाही."

त्यानंतरची वर्षं फार छान गेली. कोल्हापूरला एका स्पर्धेत सुरमई उतरली. माग काढताना ती कुणाच्या तरी डब्यातल्या मटणाकडे वळली आणि तिथं नापास झाली. पण "सोड" म्हटल्यावर सगळ्यात आधी सोडणारी तीच होती. निलेशने मुंबईहून फोनवर आरडाओरडा करून अभिनंदन केलं. पुढच्या वर्षी ती पास झाली. मृणालीने ते प्रमाणपत्र आप्पांच्या खोलीत लावलं. आप्पा येईल त्याला आधी पाणी विचारतात आणि मग ते दाखवतात.

मी मात्र झिजत गेले. इशरतचाचींनी मला चार वेळा ठिगळं लावली. पाचव्यांदा त्यांनी मला उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "आता पुरे. बाईनं काम खूप केलं." नवीन, कडक बाही आली. मी खुंटीवर गेले. तेव्हा मला पुन्हा कांद्यांची आठवण झाली; आता परत माळ्यावर, असं वाटलं.

पण तसं झालं नाही. गेल्या महिन्यात केळशीची महरीन घरी पाच आठवडे सांभाळलेलं आपलं पिल्लू घेऊन आली. कॉलेजातली मुलगी, उत्साहाने फुललेली. "चाचा, हिला चावायला कधी शिकवायचं?" तिने आल्या आल्या विचारलं. अयूबचाचांऐवजी मृणालीच म्हणाली, "आधी तिला दोन महिने तुझी होऊ दे. मोबाइलवर बघून घरी हातावर टॉवेल गुंडाळू नको. शिकवणाऱ्या माणसाशिवाय हा खेळ सुरू करायचाच नाही. कुणी भांडलं म्हणून त्याच्यावर सोडायला तर कधीच नाही." मग तिने बाबल्याला हाक मारली. बाबल्याने मला खुंटीवरून काढलं, सुरी घेतली आणि माझ्या फाटक्या काठाची वीतभर पट्टी कापली. पिल्लाला ओढाओढीच्या पहिल्या खेळासाठी मऊ ताग हवा असतो, आणि माझ्याइतका मऊ ताग बागेत दुसरा नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे कुत्रं असेल तर एवढंच ऐका. त्याला दिवसभर बांधून ठेवू नका. झोपलेल्याला मागून हात लावू नका. ते चुकलं तर त्याला टाकून देण्याआधी, त्याला आपण काय शिकवलं हे एकदा स्वतःला विचारा. आणि तुमच्यासाठी झिजलेली वस्तूही लगेच कचऱ्यात फेकू नका. तिच्यात अजून कुणाच्या तरी उपयोगाचं काही शिल्लक असतं.

दर रविवारी नवं पिल्लू येतं आणि माझी एक पट्टी कमी होते. दुखत नाही. सुईसारखे बारीक दुधाचे दात माझ्यात रुततात, पिल्लू गुरगुरायचा प्रयत्न करतं आणि त्याच्या तोंडून शिट्टीसारखा आवाज येतो. सगळे हसतात. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "सोड." आणि मी त्या इवल्याशा जबड्यातून सुटायची वाट बघत राहते. पहिल्या दिवशी फार वेळ लागतो. मला घाई नाही.