चढापुरती ताकद

टेकडीवरच्या उपचारकेंद्राकडे जाणारी बस बंद झाली आणि आमच्या घरात सायकलीचा विषय सुरू झाला.

आई तिथे अर्धांगवायूच्या उपचारांसाठी होती. उजवा हात थोडा हलू लागला होता, गिळणं मात्र अजून भरवशाचं नव्हतं. दुपारचं जेवण बाबा भरवायचे. घट्ट केलेलं सूप, अर्धा चमचा, मग थांबायचं, गिळल्याचं गळ्यावर पाहायचं, मग पुढचा अर्धा चमचा. परिचारिकांना हे जमत नव्हतं असं नाही, पण त्यांना इतरही रुग्ण होते, आणि घाई आईला चमच्यावरूनच कळायची. मग ती तोंड मिटून घ्यायची. वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबांनी रोज दुपारी वर पोहोचणं हा त्यामुळे उपचाराचाच भाग होता.

दादा लिफ्टच्या देखभालीचं काम करतो, मी वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. भर दुपारी दोघांनाही सुटता येत नाही. टॅक्सीवाले चढाचं नाव काढलं की मान फिरवायचे.

बाबांनी साधी इलेक्ट्रिक सायकल घेतली. तिची मोटर मागच्या चाकात होती. सपाटीवर ती छान चालली. टेकडीच्या शेवटच्या चढावर चाक इतकं हळू फिरू लागलं, की आत गेलेल्या विजेचं फिरणं कमी आणि तापणं जास्त होऊ लागलं. ठरावीक तापमानाला अशी मोटर स्वतःहून बंद पडते. ती बंद पडली. बाबा सायकल ढकलत वर पोहोचले. मुख्य परिचारिकेने त्यांची नाडी पाहिली आणि दादाला फोन लावला.

"उद्यापासून यांचीही खाट टाकू का? सांगा, म्हणजे चादरी काढून ठेवते."

संध्याकाळी दादा कामावरून थेट घरी आला. "बाबा, एक तर तो चढ सहज चढेल अशी सायकल, नाहीतर जाणं बंद. मी रविवारी गाडीने नेईन."

"आणि तिने काय रविवारचा रविवार जेवायचं?"

वहिनीने दादापुढे चहा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "आता तुम्हीच काय ते गणित करा, वन्सं. तुमच्या घरात दुसऱ्या कशाने भांडण मिटत नाही."

मी गणित केलं. चढाचा कोन बाबांनीच मोजून आणला. आयुष्यभर त्यांनी पुलांचे आराखडे केले होते, चढ-उतार त्यांना डोळ्यांनीही कळतो, पण त्यांनी पट्टी आणि पाणसळ नेलीच. त्यांचं आणि पिशवीचं वजन मी त्यांना विचारलं, तेही त्यांनी लगेच सांगितलं. उत्तर स्पष्ट होतं. मोटर चाकात नको, पेडलपाशी हवी. तिथे ती गिअरमधून काम करते. चाक कितीही हळू फिरलं तरी ती स्वतः तिच्या सोयीच्या वेगाने फिरत राहते, म्हणून तापत नाही.

सायकलीच्या दुकानाचा मालक प्रत्येक सायकलीबद्दल 'तुफान पळेल' म्हणायचा, म्हणून सगळे त्याला तुफानच म्हणत.

"काका, तुमच्या वयाला ही," त्याने एक दाखवली. "तुफान पळेल."

"पळायला नको आहे," बाबा म्हणाले. "चढायला हवी."

"चढेल! भिंत चढेल."

"भिंत नको. टेकडी."

शेवटी त्यांचीच सायकल ठेवून तिच्यात मोटर, बॅटरी आणि नियंत्रक बदलायचं ठरलं. सांगाडा मजबूत होता, आणि बाबांना त्याची सवय झाली होती. मोटर मी सांगितली. बॅटरी दादाने त्याच्या कंपनीच्या ओळखीतून मागवली. टायर आणि मागचा कॅरिअर बाबांनी निवडला. या ताकदीच्या सायकलीला परवाना लागतो, तोही त्यांनी काढला. या सगळ्यात बरेच दिवस गेले. तेवढे दिवस दादाने रजा टाकून, मी सुट्टी मागून, वहिनीने ती शिकवते त्या शाळेतून लवकर निघून बाबांना वर पोहोचवलं. ते फार दिवस चालण्यासारखं नव्हतं. दादाचा साहेब तर बोलायलाही लागला होता.

सायकल तयार झाली तेव्हा पहिल्यांदा मी चालवून पाहिली. चढ असा संपला, जणू नव्हताच. वर पोहोचून मोटरला हात लावला, कोमट होती. मला समाधान वाटलं, आणि मी दुसरं काहीच तपासलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा एकटे निघाले. अर्ध्या चढावर रस्त्याचं काम चालू होतं, म्हणून ते सायकलवरून उतरले. उतरल्यावर सायकल मागे सरकू लागली. त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले आणि तिला धरून उभे राहिले. ढकलावी तर पुढे जात नव्हती, सोडावी तर उतारावरून खाली गेली असती. खिशातला फोन काढायला हात मोकळा नव्हता. कुत्रा फिरवणाऱ्या एक बाई येईपर्यंत ते तसेच उभे होते. बाईंनी आधी कुत्रा खांबाला बांधला, मग सायकल दोघांनी मिळून वर नेली. ते पोहोचले तेव्हा आईने थाळी परत पाठवली होती. नंतर त्यांच्या हातूनही तिने काही घेतलं नाही.

"म्हातारा वेळेवर येत नाही, तर मी का जेवू," बाबा आम्हाला सांगताना हसले. तळहातांवर ब्रेकच्या दांड्यांचे वळ होते. "डोळ्यांनी हेच म्हणत होती."

दादा हसला नाही. "मी म्हटलंच होतं."

मी सायकल प्रयोगशाळेत नेली आणि मोठ्या काट्यावर ठेवली. आकडा इतका मोठा दिसला, की मी काटाच तपासून पाहिला. काटा बरोबर होता.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी सगळे बसलो.

"बाबा, तुम्ही तुमचं वजन सांगितलंत ते नेमकं होतं?"

"नेमकं कसं सांगेन? थंडीतला कोट, ओली पिशवी, माणूस जाड होतो... दहा किलो वाढवून सांगितलं. पूल असाच करतात."

मी त्या आकड्यावर आणखी निम्मी भर घातली होती, कारण मी कुठलाही काटा त्याच्या क्षमतेच्या टोकाला वापरू देत नाही. दादाने बॅटरी अशी घेतली होती की एका चार्जमध्ये तीन वेळा टेकडी चढून व्हावी. "लिफ्टमध्ये पर्यायी व्यवस्था नसेल तर आम्ही ती चालूच करत नाही," तो म्हणाला, जरासा चिडून. एवढी बॅटरी पेलायला तुफानने जाड पट्ट्यांचा आधार जोडला होता. आणि मी सांगितलेली मोटर दुकानात नव्हती, म्हणून त्याने तिच्या वरची बसवली होती. काकांसाठी, त्याच पैशात.

वहिनीने पदर तोंडाला लावला, पण हसू आवरलं नाही. "प्रत्येकाने आपापलं हातचं राखलं, आणि एकानेही दुसऱ्याला सांगितलं नाही. बाबांच्या हाती सायकल नाही, म्हैस दिलीत तुम्ही."

"म्हैस निदान स्वतःच्या पायांवर उभी राहते," बाबा म्हणाले.

"आणि ब्रेक?" मी विचारलं. "ब्रेक कोणी बदलले?"

कोणीच नाही. सगळ्यांना वर जायची काळजी होती. या वजनाला जुने ब्रेक अपुरे होते, आणि येताना बाबा त्यांच्याच भरवशावर उतरले होते. दादाने ताट बाजूला सारलं. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, आता तो सायकल विकायचंच म्हणेल.

"दोन दिवस दे," मी म्हटलं. "मी रजा घेते. बाबांना मी नेईन."

दोन दिवस मी टॅक्सीवाल्याच्या मिनतवाऱ्या केल्या आणि बाबांबरोबर वर गेले. ते भरवत असताना मी मागच्या खुर्चीत बसून पुन्हा हिशेब मांडला, या वेळी त्यांना काट्यावर उभं करून घेतलेल्या वजनाने. परतीला उतार असतो, तिथे वीज लागत नाही. आणि वर बाबा संपूर्ण दुपार बसून असतात. म्हणजे बॅटरी एकदा वर जाण्यापुरतीच हवी, पुढचं चार्जिंग तिथेच होईल. मी मुख्य परिचारिकेला प्लगबद्दल विचारलं.

"वऱ्हांड्यातला घ्या. खोलीत बॅटरी नको, आणि वायर स्ट्रेचरच्या वाटेत आली तर मी स्वतः कापीन."

लहान बॅटरी लावली तशा आधाराच्या पट्ट्या निघाल्या. मोटर तीच ठेवली, पण नियंत्रकातून तिचा जोर कमी केला आणि निघतानाचा झटका काढून टाकला. सर्वांत जास्त वेळ तेलावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकना लागला. तुफानने ते दोनदा बसवले, कारण पहिल्यांदा मी ते मान्य केले नाहीत.

"ताई, एवढं तर विमानालाही बघत नाहीत."

"विमानात माझे बाबा नाहीत."

सायकल बाबांना एका हाताने उभी करता येऊ लागली. चढावर उतरून ढकलायला मी त्यांना तीनदा लावलं. तरी ते अस्वस्थ होते. वर पोहोचेपर्यंत बॅटरी जवळपास रिकामी होणार, हे त्यांना पटत नव्हतं.

"शिल्लक काहीच नाही म्हणजे..."

"शिल्लक तुम्ही आहात. आता ती बंद पडली तरी तुम्ही ढकलू शकता. तेव्हा तिच्यात भरपूर होतं आणि तुम्हाला हलता येत नव्हतं."

त्यांनी हेल्मेटचा पट्टा आवळला. "तू मागून येऊ नकोस. मागे कोणी असलं की माझं लक्ष मागेच राहतं."

ते निघाले. मी टेकडीच्या पायथ्याशी, पहिल्या वळणावर उभी राहिले. थोड्या वेळाने सहज पलीकडे नजर गेली, तर औषधांच्या दुकानापुढे दादाची गाडी उभी होती, इंजिन चालू. या वेळी तो कामावर असायला हवा होता. मी काचेवर टकटक केली.

"साहेबाला काय सांगितलंस?"

"डॉक्टरकडे जातो म्हटलं." त्याने चढाकडे हनुवटी केली. "केंद्र तिथेच आहे ना."

मी शेजारी बसले. तो अधूनमधून गिअरवर हात ठेवत होता आणि काढून घेत होता.

माझा फोन वाजला.

"पोहोचलो," बाबा म्हणाले. श्वास चढलेला नव्हता, मी मुद्दाम ऐकलं. "बॅटरीची एक रेघ राहिली आहे. वऱ्हांड्यात चार्जिंगला लावली. ठेवतो, सूप निवतंय."

मागून चमच्याचा आवाज आला, आणि परिचारिका कोणाला तरी सरकायला सांगत होती. फोन बंद झाला.

"काय म्हणाले?"

"सूप निवतंय म्हणाले."

दादाने मान हलवली, गाडी वळवली आणि मला प्रयोगशाळेच्या दारात सोडून कामावर गेला.