पाहुण्यांचं ताट

तांगारीकी बिकेनिबेऊ या बेटावरच्या गावातल्या बालवाडीत शिकवायची. सकाळी पोरं जमली की आधी अर्धा तास धावणं, दोरीवरच्या उड्या, वाळूत रिंगण धरून पकडापकडी. मग हात धुवायचे आणि डबे उघडायचे. एखाद्या डब्यात कोरडे नूडल्स निघाले की ती ते बाजूला काढायची आणि संध्याकाळी त्या पोराच्या आईला गाठून चांगलंच सुनावायची. "पपई काय विकत आणावी लागते का गं? समोर एवढा समुद्र पसरलाय, त्यातला मासा दिसत नाही तुला?" तिला लांबून येताना पाहिलं की आया वाट बदलायच्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, ही म्हण तिच्या तोंडावर फेकायची कुणाची टाप नव्हती. फेकली असती तर बरं झालं असतं.

तिच्या घरामागे पपईची तीन झाडं होती आणि चार कोंबड्या. नवरा मालवाहू जहाजावर खलाशी, दीड वर्षातून एकदा घरी यायचा. घरात ती आणि सहा वर्षांची माएरे, दोघीच. दोघींना अंडी पुरून उरली असती, पण अंडं घरात टिकायचं नाही. आज चुलतभाऊ दारात यायचा, उद्या मावससासू, आणि "बुबुती" म्हणून मागायची. बुबुती म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही असं मागणं. आमच्याकडे मागणाऱ्याला लाज नसते, न देणाऱ्याला असते. वादळात छप्पर उडालं, होडी फुटली, तरी आमच्या बेटावर माणूस उपाशी मरत नाही तो या मागण्याच्याच जोरावर. हे खरं आहे. आणि माएरेच्या वाटची अंडी दारातल्या दारात गेली, तिच्या ताटात भात, दुकानातल्या हवाबंद डब्यातला मासा आणि गोड चहा एवढंच उरलं, हेही तितकंच खरं आहे.

दिवस कलला की गल्लीतली पोरं मानेआबापुढच्या वाळूत खेळायला जमत. मानेआबा म्हणजे गावाचा मोठा सभामंडप. माएरे पूर्वी त्यात सगळ्यात पुढे असायची. दोन महिन्यांपासून मात्र ती उजेड कमी व्हायच्या आत घरी यायची आणि भिंतीला टेकून बसायची.

"अगं, काय ही आळशी पोर!" तांगारीकी चिडायची. "गावाच्या पोरांना मी पळायला लावते आणि माझीच पोरगी गोणीसारखी बसून राहते. लोक हसतील मला."

"मला नाही खेळायचं."

"का नाही?"

माएरे नुसते खांदे उडवायची.

एका संध्याकाळी तांगारीकीनं तिला दंडाला धरून ओढत नेलं आणि रिंगणात ढकललं. पोरं पळाली. माएरे दोन्ही हात पुढे करून जागीच उभी राहिली. पोरांना वाटलं नाटक करतेय, ती फिदीफिदी हसली. "पळ!" आई ओरडली. पोर पळाली आणि थेट मानेआबाच्या खांबावर आदळली. कपाळ फुटलं.

"दिसत नाही मला," ती रडत म्हणाली.

"दिसत नाही म्हणे! डोळे उघडे ठेवून पळ."

रात्रीच्या जेवणाला दिवा जरा लांब ठेवला होता. माएरे ताट शोधण्यासाठी चटईवरून हात फिरवत होती. ताट तिच्या गुडघ्याला लागून होतं. तांगारीकीनं दिवा उचलून जवळ आणला. आपण हिला मारूनमुटकून खांबावर घातली, हे तिच्या मनातून पुढे कधीच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नर्स रुसिलानं माएरेच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. डाव्या बुबुळाच्या कडेला साबणाच्या फेसासारखा पांढरा डाग होता.

"रातांधळेपणा आहे," रुसिला म्हणाली. "'अ' जीवनसत्त्व कमी पडलंय. कॅप्सूल दिली की येते नजर परत, पण कॅप्सूल संपल्यात. सगळीकडे संपल्यात, मी फोन करून पाहिला. पुढच्या जहाजानं येतील."

"कधी येणार जहाज?"

"दहा-बारा दिवसांत. तोवर रोज अंडं, कलेजी, पिकलेली पपई. आणि ताप येऊ देऊ नकोस. यात ताप आला तर डोळाच जातो." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तांगारीकी, अगं तूच सांगतेस ना हे सगळ्यांना?"

तांगारीकी माएरेला कडेवर घेऊन घरी आली.

तीन दिवस माएरेनं अंडी खाल्ली, पपई खाल्ली. चौथ्या दिवशी कातारीना आली. नवऱ्याची थोरली बहीण, अंगानं भरलेली, मोकळं हसणारी. दारातच बसली, पदराएवढ्या हातरुमालानं मान पुसली आणि म्हणाली, "नोनौती बेटावरून चर्चची मंडळी येतायत, तीस जण. रविवारी मानेआबात जेवण. म्हाताऱ्यांची ताटं आपल्या घराण्याकडे आलीत. तुझ्या कोंबड्या हव्यात गं, चारही. आणि पिकल्या असतील तेवढ्या पपया. बुबुती."

"वन्सं, माएरेचे डोळे…" तांगारीकीनं सगळं सांगितलं. डाग, कॅप्सूल, जहाज.

कातारीनानं पोरीला जवळ घेतलं, तिचे गाल कुरवाळले. तिला वाईट वाटलं नाही असं नाही. "होईल गं बरी. पोरांचं काय, आज नाही तर उद्या खातील. पाहुणे काय रोज येतात?"

"एक कोंबडी तरी ठेवते, वन्सं. एकच."

"मी तुझ्या दारात बसून मागितलंय, तांगारीकी."

एवढंच ती म्हणाली. पुढचं बोलायची गरज नव्हती. याच माएरेच्या वेळी तांगारीकी बाळंतपणात अडली तेव्हा कातारीनानं तिच्यासाठी स्वतःच्या नवऱ्याची होडी काढायला लावली होती, स्वतःची नवी चटई बाळंतिणीखाली अंथरली होती. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे तर भीड हाच धर्म होता. तांगारीकीनं आपल्या हातानं कोंबड्यांचे पाय बांधले आणि झाडावरच्या पपया उतरवून दिल्या.

शनिवारी माएरेला ताप आला. रविवारी सकाळी डावा डोळा लाल झाला होता आणि उजेडाकडे तिला बघवत नव्हतं.

जेवण चर्चनंतर, भर दुपारी होतं. मानेआबात पाहुणे एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला. आधी पाहुणे, त्यात आधी म्हातारे. मग आपले पुरुष, मग बायका. पोरं सगळ्यात शेवटी. पोरांच्या वाट्याला भात आणि रस्सा येतो, हे तांगारीकी लहानपणापासून पाहत आली होती, कधी खटकलं नव्हतं. आज ती माएरेचं तापलेलं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि समोर नोनौतीचा म्हातारा इओतेबा होता. सगळ्यांत वडील म्हणून चारही कोंबड्यांची कलेजी त्याच्याच ताटात वाढली होती. बाजूला पपईच्या फोडी. त्यानं एक घास तोंडात घातला.

तांगारीकी उठली. कमरेत वाकून, सगळ्यांच्या देखत मधली मोकळी जागा ओलांडून ती म्हाताऱ्यापुढे जाऊन बसली.

"आजोबा, बुबुती."

गप्पा थांबल्या. पाहुण्याकडे, तेही तो जेवत असताना, कुणी काही मागतं का?

"काय हवं, पोरी?"

"तुमचं ताट."

मागे कुणीतरी हसलं. जेवणात थट्टामस्करी चालते, तशी ही थट्टा वाटली असेल. तांगारीकी हसली नाही. "माझ्या मुलीचा डोळा चाललाय," ती म्हणाली. "कोंबड्या माझ्याच होत्या."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. दिलेल्याची आठवण करून देणं म्हणजे न देण्याहून वाईट.

इओतेबानं तोंडातला घास गिळला, बोटं पुसली आणि ताट तिच्यापुढे सरकवलं. नाही त्यालाही म्हणता येत नव्हतं. मग त्यानं हात मांडीवर ठेवले. दुसरं ताट वाढून आणलं तर त्यानं मान हलवली. आपला वडीलधारा जेवत नाही म्हटल्यावर शेजारच्यानं हात आवरला, मग त्याच्या शेजारच्यानं. तीसच्या तीस पाहुणे ताटांपुढे तसेच बसून राहिले.

गाव खाली मान घालून बसलं होतं. त्या शांततेत तांगारीकी मुलीला कलेजी भरवत होती. माएरेला ती आवडत नव्हती. ती तोंड फिरवत होती, रडत होती. "चाव," आई म्हणत होती. "चाव आणि गीळ." ताट रिकामं होईपर्यंत ती थांबली नाही. कातारीनाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

जहाज दहा दिवसांनी आलं. कॅप्सूलनं उजवा डोळा वाचला, डाव्यात कायमचं पांढरं फूल पडलं. "त्या दिवशीच्या ताटानं काही फरक पडला का गं?" तांगारीकीनं रुसिलाला विचारलं.

"पडला असेल," रुसिला म्हणाली. "नसेलही. एका ताटाचं कसं सांगणार?"

तांगारीकीनं नव्या कोंबड्या पाळल्या. आता अंडी घरात टिकतात. चुलतभाऊ येत नाही, मावससासू येत नाही. कुणीच काही मागत नाही. पहिले काही दिवस तिला बरंच वाटलं. मग टोपलीत अंडी साठली, पपया झाडावरच पिकून गळायला लागल्या, आणि एक दिवस ती स्वतःच सहा अंडी घेऊन कातारीनाकडे गेली.

"नको गं," कातारीना हसून म्हणाली, परक्या बाईशी हसावं तशी. "आहेत आमच्याकडे."

तांगारीकी अंडी घेऊन परत आली आणि चुलीपाशी बसून खूप रडली. शिव्या दिल्या असत्या तर ती सोसायला तयार होती.

बालवाडीतली निम्मी पोरं दुसरीकडे गेली. संध्याकाळी माएरे मानेआबापुढच्या वाळूत जाते. आता तिला एका डोळ्यानं का होईना, स्पष्ट दिसतं. ती पोचली की घराघरांतून हाका सुरू होतात, "चला रे जेवायला!" अजून चुलीही पेटलेल्या नसतात. पोरं एकेक करून निघून जातात. मग तांगारीकी पदर खोचावा तसं लुगडं गुडघ्यांवर बांधते आणि स्वतः वाळूत उतरते. पोरीनं पळायला हवं, घाम गाळायला हवा, हे तिला कुणी सांगायला नको. ती पळते, माएरे मागून येते आणि तिच्या पाठीवर थाप मारते.

"आता कुणावर राज्य?" माएरे विचारते. दोघीच आहेत, तरी प्रत्येक वेळी विचारते.

"माझ्यावर," आई म्हणते, आणि पोरीला लांब पळता यावं म्हणून डोळे मिटून दहापर्यंत मोजते.